सिंधुदुर्गाचा धनी

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे दृष्टी टाकली, म्हणजे पाण्यातून वर आलेला एक लांबच लांब तट समोर दिसतो. हाच सिंधुदुर्ग. होडीत बसून आपण त्याच्याकडे निघालो, तर नावाडी होडी नाकासमोर नेत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवीत, पाण्याखाली लपलेले खडक चुकवीत तो ती पुढे काढतो. तट अगदी जवळ आला तरी गडाचा दरवाजा कोठे आहे, हे नवख्या माणसास उमगत नाही. बुरुजांच्या कुशीत तो दडलेला आहे. आत पाऊल टाकावे तो सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याच्या कडेकडेने धावणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, त्याची ३० फूट उंची, १२ फूट रुंदी, आणि भोवती खारा समुद्र उसळत असताना गोड्या पाण्याने भरलेल्या तीन विहिरी! दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे.

हा गड छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारला, हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. गडाचा पाया घातला गेला १६६४ साली आणि गड पुरा झाला १६६७ साली. या काळात महाराज कधी लढाईवर होते, कधी तहाच्या वाटाघाटींत गुंतले होते, आणि १६६६ साली तर ते शेकडो कोस दूर, आग्र्यास, मोगल बादशहाच्या पहाऱ्यात अडकले होते. गुरुजी घटकाभर वर्गाबाहेर गेले तर वर्गात काय चालते, ते तुम्ही जाणताच. येथे तर राज्याचा धनीच बंदिवासात; तो जिवंत परत येईल की नाही याचीही शाश्वती नव्हती. तरीसुद्धा समुद्रातला हा गड पुरा झाला. हे कसे घडले असेल?

या प्रश्नाचे उत्तर महाराजांच्या चरित्रात सापडते. त्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर महाराजांचा जन्म झाला. वडील शहाजीराजे पराक्रमी सरदार. पुढे त्यांचे वास्तव्य बहुधा दूर कर्नाटकात असे. मातोश्री जिजाबाई बाळ शिवाजीस घेऊन पुणे जहागिरीत आल्या, तेव्हा तो मुलूख लढायांनी उजाड झाला होता. शेते ओस पडली होती. घरेदारे सोडून गेलेल्या लोकांस परत आणावयाचे, त्यांच्या मनातील भय घालवावयाचे आणि जमिनीत पुन्हा नांगर घालावयाचा, हे काम जिजाबाईंच्या देखरेखीखाली सुरू झाले. पडलेले गाव पुन्हा कसे उभे राहते, हे शिवरायांनी अशा कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले. माणसास धीर दिला, अवजार दिले आणि त्याच्या कष्टाचे फळ त्याच्याच पदरात पडेल असा भरवसा दिला, म्हणजे तो खडकावरही पीक काढतो, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला धडा होय.

दुसरा धडा मावळातील डोंगरांनी दिला. तेथील शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर शिवराय दऱ्याखोऱ्यांतून हिंडले. कोण कड्यावर चढण्यात तरबेज, कोणास जंगलातील चोरवाटा ठाऊक, कोणाच्या पोटात गुप्त गोष्ट राहते आणि कोणाच्या राहत नाही, हे त्यांनी जवळून पारखले. पुढे राज्याचा पसारा वाढला, तरी माणूस पारखून त्यास साजेल असे काम सोपविण्याची त्यांची ही सवय सुटली नाही.

१६५७ साली कल्याण व भिवंडी ही ठाणी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याची सीमा समुद्रास भिडली. डोंगरात वाढलेल्या या राजास आता एक नवीच अडचण दिसू लागली. जंजिऱ्याचा सिद्दी समुद्रमार्गे येऊन किनाऱ्यावरील गावे लुटीत असे आणि माणसे धरून नेत असे. गोव्यास व वसईस पोर्तुगीज होते; त्यांच्या परवान्यावाचून व्यापारी गलबतांस समुद्रात फिरणे कठीण झाले होते. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. इंग्रजही किनाऱ्यावर आपले पाय रोवू पाहत होते. ज्याचे आरमार त्याचा समुद्र, असा तो काळ होता. आपले आरमार असल्यावाचून किनाऱ्यावरील रयत सुखाने झोपणार नाही, हे महाराजांनी ओळखले.

परंतु जहाजे बांधावयाची कोणी? लढाऊ जहाजे बांधण्यात पोर्तुगीज कारागीर तेव्हा नाणावलेले होते. महाराजांनी रुई लैतांव व्हियेगस नावाच्या पोर्तुगीज कारागिरास व त्याच्या माणसांस चाकरीस ठेविले आणि कल्याणच्या खाडीत काम सुरू केले. ही जहाजे उद्या आपल्यावरच उलटतील, अशी धास्ती पोर्तुगीज अधिकाऱ्यांस वाटली. त्यांनी आतून सूत्रे हलविली आणि हे कारागीर काम टाकून निघून गेले. एखादा दुबळ्या मनाचा माणूस येथे हातपाय गाळून बसला असता. महाराजांनी मात्र आरमाराचा नाद सोडला नाही. कोकणात गलबते बांधणारे सुतार होते, दर्यावर जन्म काढलेले कोळी, भंडारी आणि गाबीत होते. त्यांच्याच हातून स्वराज्याचे आरमार वाढत गेले. ज्या कामावर रयतेचे प्राण अवलंबून आहेत, ते रयतेच्याच हातांस आले पाहिजे, हा तिसरा धडा त्यांस असा ठेच लागून मिळाला.

आरमार म्हटले की त्यास सुरक्षित आसरा हवा. तुफानात आणि शत्रूच्या हल्ल्यात जहाजांनी जावे कोठे? १६६४ साली महाराज दक्षिण कोकणात उतरले. त्या सुमारास विजापूरचा सरदार खवासखान कुडाळच्या बाजूस चालून आला होता, त्यास मागे रेटण्याचे काम चालू होते. अशा धामधुमीतही महाराजांची नजर किनाऱ्यावर जागा शोधीत होती. मालवणसमोरचे कुरटे बेट त्यांच्या मनात भरले. भोवती खडकांची जणू पहारेकऱ्यांची रांगच होती. परक्याचे मोठे जहाज त्या खडकांतून सुखरूप आत येणे दुरापास्त. वर बेटावर गोडे पाणी! गडासाठी याहून चांगली जागा कोठे मिळणार?

आता विचार करा. खडकांची ही रांग शत्रूस जशी अडवील, तशीच ती आपल्या होड्यांसही अडविणार होती. दगड, चुना, लोखंड, लाकूड, धान्य आणि माणसे एवढे सारे सामान या खडकांतून बेटावर न्यावयाचे होते. कोणता खडक भरतीत बुडतो, कोणता ओहोटीत डोके वर काढतो, वारा फिरला म्हणजे होडी कोणत्या अंगाने न्यावी, हे विजापूरच्या किंवा दिल्लीच्या कोणत्याही पंडितास ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते मालवणच्या कोळ्यांस. ज्यांच्याकडे राजदरबाराने कधी ढुंकूनही पाहिले नसेल, अशा त्या उघड्या अंगाच्या दर्यावर्दी माणसांच्या ज्ञानावर महाराजांनी आपला गड उभा करावयाचे ठरविले. जो जाणतो त्यास विचारावे, मग तो थोर असो की लहान असो, ही त्यांची रीतच होती. ज्यांनी या कामी साह्य केले, त्यांस पुढे इनामे मिळाली, असे परंपरा सांगते.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर एका खडकापाशी पूजन झाले आणि गडाच्या कामास प्रारंभ झाला. गणपती, सूर्य व चंद्र यांच्या आकृती कोरलेला तो खडक आजही तेथे आहे. लोक त्यास मोरयाचा धोंडा म्हणतात.

मग मालवणचा किनारा माणसांनी गजबजून गेला. पाथरवट आले, लोहार आले, गवंडी, सुतार, चुना मळणारे, होड्या वल्हविणारे, ओझी वाहणारे असे नाना तऱ्हेचे कामकरी आले. सुमारे तीन हजार माणसे येथे खपत होती, असे सांगतात. या कामाची देखरेख हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती, अशी परंपरा आहे. पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून त्यांत शिसे ओतले होते, असेही सांगतात.

समुद्रातील बांधकाम माणसाच्या सोयीने चालत नाही. ते समुद्राच्या सोयीने चालते. ओहोटी लागली आणि खडक उघडे पडले, की घाईने दगड बसवावयाचे. भरतीचे पाणी चढू लागले, की हात आवरावयाचा. ही वेळ रोज पुढे सरकते. कधी ती भर दुपारी येते, कधी पहाटेच्या थंडीत. पावसाळ्यात तर दर्या खवळतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात. अशा ठिकाणी पाथरवटाने दगड वेळेवर घडविला नाही, तर गवंडी रिकामा बसतो. लोहाराने छिन्नीला धार लावली नाही, तर पाथरवट रिकामा बसतो. होडीवाल्याने ओहोटी चुकविली, तर सारेच रिकामे बसतात. एकाचे काम दुसऱ्याच्या कामात असे गुंतलेले असते. म्हणून प्रत्येकास आपले काम नेमके ठाऊक असणे आणि दुसऱ्याच्या कामाची कदर असणे, या दोन्ही गोष्टींची तेथे फार आवश्यकता होती.

कामाची वाटणी कशी करावी, हे महाराजांच्या गडांवरील व्यवस्थेवरून उत्तम कळून येते. गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन मुख्य अधिकारी असत. हवालदाराने गडाचे दरवाजे आणि बंदोबस्त सांभाळावा, सबनिसाने हिशेब व हजेरी पाहावी, कारखानिसाने धान्य व सामानाचा साठा राखावा. तिघांचा दर्जा सारखा. एकास दुसऱ्यावाचून कारभार चालविता येत नसे. त्यामुळे एक चुकला तर दुसरा सावरून घेई, आणि एक फितूर झालाच तर गड शत्रूच्या घशात जात नसे.

केवळ वाटणी करून मात्र कामे होत नाहीत. पोटात अन्न नसेल आणि घरी लेकरे उपाशी असतील, तर कोणाचा हात चालेल? महाराजांच्या राज्यात चाकरीबद्दल जहागिरी तोडून देण्याऐवजी शक्यतो रोख वेतन देण्याची पद्धत होती. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाशी जो संग्राम झाला, त्यानंतर महाराजांनी काय केले याची हकिकत सभासद बखरीत आली आहे. जखमी झालेल्या प्रत्येक माणसास जखमेच्या मानाने २५ होनांपासून २०० होनांपर्यंत रक्कम देण्यात आली. जे रणात पडले त्यांच्या मुलांचे पालन राज्याने आपल्याकडे घेतले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या पत्नींस निम्मे वेतन चालू ठेविले. आपण पडलो तर आपल्या मागे लेकराबाळांचा वाली आहे, ही खात्री ज्याच्या मनात असते, त्याचा हात कामात किंवा लढाईत कचरत नाही.

गडाचे काम असे चालू झाले. फेब्रुवारी १६६५ मध्ये याच मालवणच्या किनाऱ्यावरून महाराज स्वतः आरमार घेऊन दक्षिणेस बसरूरच्या मोहिमेवर गेले. डोंगरातला राजा प्रथमच दर्यावर निघाला होता. परंतु तो परत येतो न येतो तोच उत्तरेकडून संकटाचा डोंगर कोसळला. औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंग यास प्रचंड फौज देऊन पाठविले. पुरंदरास वेढा पडला. रयतेची धूळधाण होऊ नये म्हणून जून १६६५ मध्ये महाराजांनी तह केला आणि मोठ्या कष्टाने मिळविलेले २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले. विचार करा, एकीकडे बांधलेले किल्ले हातचे जात होते आणि दुसरीकडे मालवणास एक नवा किल्ला उभा राहत होता! अशा वेळी मालवणच्या एखाद्या गवंड्याच्या मनात आले नसेल काय, की हा गड तरी आपला राहणार आहे का?

मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्यास जाण्यासाठी राजगडावरून निघाले. बरोबर बाल संभाजीराजे होते. मागे राज्याचा भार मातोश्री जिजाबाईंवर होता आणि त्यांच्या हाताशी अनुभवी कारभारी होते. १२ मे रोजी बादशहाच्या दरबारात महाराजांचा अपमान झाला, त्यांनी तो सहन केला नाही, आणि त्यांच्या निवासाभोवती सैनिकांचा पहारा बसला. दिवसांमागून दिवस गेले. महाराष्ट्रात येणाऱ्या बातम्या काळीज चिरणाऱ्या होत्या.

अशा वेळी राज्ये कोसळतात, असा इतिहासाचा अनुभव आहे. धनी अडकला की सरदार आपापल्या वाटा धरतात, कारभारी खजिन्यावर हात मारतात आणि कामकरी घरची वाट धरतात. स्वराज्यात तसे झाले नाही. गडकऱ्यांनी गड राखले, कारभाऱ्यांनी कारभार राखला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन आग्र्याहून निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर सुखरूप पोहोचले, तेव्हा त्यांचे राज्य त्यांची वाट पाहत जागच्या जागी उभे होते. पुढील वर्षी, १६६७ मध्ये, सिंधुदुर्गाचे काम पुरे झाले.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांस सापडले असेल. महाराजांच्या माणसांना केवळ त्यांच्या नजरेचा धाक असता, तर नजर दूर होताच सारे थंडावले असते. परंतु प्रत्येकास आपले काम ठाऊक होते, त्या कामाचा मोबदला मिळणार हा भरवसा होता, आणि हे काम आपल्याच लेकराबाळांच्या रक्षणासाठी आहे, ही जाणीव मनात रुजली होती. सिद्द्याच्या लुटारूंनी ज्यांची गावे जाळली होती, त्यांना समुद्रात तट कशासाठी हवा हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

माणसांची काळजी घेणारा हा राजा कामचुकारांस मात्र अजिबात क्षमा करीत नसे. जंजिऱ्यास शह देण्यासाठी त्याने जवळच समुद्रात पद्मदुर्ग नावाचा किल्ला बांधावयास घेतला. त्या मोहिमेसाठी पैका व धान्य पोहोचविण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास झाला होता. त्याने दिरंगाई केली. १६७५ साली महाराजांनी त्यास अतिशय कडक पत्र लिहिले. सामान वेळेवर पोहोचले नाही तर आरमार खोळंबेल आणि शत्रूचे फावेल. असे वागणारा चाकर शत्रूस सामील आहे असेच समजावे लागेल. आणि अशा माणसाची जात किंवा पदवी पाहून गय केली जाणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. समुद्रातील खडकावर जीव धोक्यात घालून राबणाऱ्या माणसांचे धान्य कचेरीतील माणसाच्या आळसामुळे अडावे, हे महाराजांस खपले नाही. जो राबतो त्याच्या बाजूने उभे राहणे, हेही धन्याचे कर्तव्यच आहे.

लहानसहान गोष्टींवरही त्यांची किती बारीक नजर असे! एकदा चिपळूणजवळ त्यांच्या घोडदळाचा तळ होता. तेथील अधिकाऱ्यांस त्यांनी लिहिले, की दाणागोटा जपून वापरा, तो सारा पावसाळा पुरला पाहिजे. तो संपल्यावर तुमची माणसे रयतेच्या घरी धान्य, भाजी, लाकूडफाटा ओरबाडू लागतील आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे. रात्री दिवे विझवून झोपा. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजी पेटतील आणि घोडी होरपळून मरतील, अशीही सूचना त्या पत्रात आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा राजा उंदराचा आणि दिव्याच्या वातीचा विचार करीत होता! पुढे १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस त्यांनी लिहिले, की गावोगाव स्वतः फिरा, कुणब्यांस गोळा करा, ज्याच्यापाशी बैल नाहीत त्यास बैलांसाठी पैसा द्या, खावयास नाही त्यास धान्य द्या, आणि ते व्याज न घेता, त्यास झेपेल तसतसे हळूहळू वसूल करा. ज्याच्याकडून काम हवे, त्यास कामाचे साधन आधी द्यावे, हा या पत्राचा सारांश होय.

आता एका कोळ्याची हकिकत सांगतो. जंजिरा जिंकण्याचे प्रयत्न चालू असताना लाय पाटील नावाच्या दर्यावर्दी वीराने एक धाडस पत्करले. रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावावयाच्या आणि मागून मोरोपंतांच्या तुकडीने चढून जावयाचे, असा बेत होता. लाय पाटलाने जिवावर उदार होऊन शिड्या लावल्या. परंतु मागून यावयाचे लोक वेळेवर आले नाहीत. पहाट होऊ लागली, तेव्हा शिड्या काढून घेऊन त्यास परतावे लागले. मोहीम फसली. तरी महाराजांनी लाय पाटलास बोलावून त्याचा गौरव केला आणि त्यास पालखीचा मान देऊ केला. लाय पाटलाने तो नम्रपणे नाकारला. दर्यावर फिरणाऱ्या कोळ्यास पालखी काय कामाची? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव पालखी असे ठेविले आणि ते त्यास दिले, असे सांगतात. या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. यश आले नाही म्हणून प्रामाणिक कष्टांची किंमत कमी होत नाही, ही एक. आणि बक्षीस देताना देणाऱ्याची हौस पाहू नये, घेणाऱ्यास काय शोभेल ते पाहावे, ही दुसरी. जंजिरा मात्र महाराजांस अखेरपर्यंत जिंकता आला नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला. तो रायगड बांधण्याचे कामही हिरोजी इंदुलकर यांनीच केले होते. तेथील जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे. महाराजांनी बक्षीस मागावयास सांगितले तेव्हा, राजा देवदर्शनास जाताना त्याची पायधूळ आपल्या नावावर पडावी एवढीच इच्छा हिरोजींनी प्रकट केली, अशी कथा आहे. ज्या काळी गडांवर राजांची नावे कोरली जात, त्या काळी एका बांधकाम करणाराचे नाव राजधानीत कोरले गेले, हे विसरू नका.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्यानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. संभाजी महाराज मारले गेले, राजधानी रायगड पडला, राजाराम महाराजांस दूर जिंजीस जावे लागले. तरीही स्वराज्य संपले नाही. आग्र्याच्या वेळी जे घडले होते, तेच अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडले. धनी गेला, पण धन्याने घडविलेली माणसे लढत राहिली. १६९५ साली राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सिंधुदुर्गावर श्रीशिवराजेश्वराचे मंदिर उभे राहिले. त्याच गडावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून दाखवितात. १९८१ साली नवा जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्यास या गडाचेच नाव मिळाले. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

मुलांनो, तुम्ही कधी मालवणास गेलात, तर त्या तटावरून अवश्य फिरा. तेथे एकावर एक रचलेले असंख्य दगड दिसतील. त्यांतील एकेक दगड कोणी तरी घडविला, कोणी तरी होडीतून आणला, कोणी तरी ओहोटीची वेळ साधून बसविला. त्या माणसांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. त्यांचा राजा दूर होता, संकटात होता, आणि त्यांचे काम पाहावयास तेथे नव्हता. तरीही त्यांनी दगड वाकडा बसविला नाही. साडेतीनशेहून अधिक पावसाळे झाले, समुद्र रोज त्या तटावर धडका देतो आहे, आणि तट उभा आहे.

उद्या तुम्हांपैकी कोणी वर्गाचा प्रमुख होईल, कोणी खेळातील संघाचा नायक होईल, कोणी मोठेपणी शेकडो माणसांकडून काम करून घेईल. त्या वेळी आपण समोर असताना काम किती झाले हे मोजू नका. आपण दूर असताना काम कसे झाले, हे पाहा. म्हणजे आपण आपल्या माणसांचे खरे धनी झालो की नाही, हे तुमचे तुम्हांसच कळेल.